हातचा एक

हलमध्ये नोव्हेंबरात चार वाजताच काळोख पडतो.
हेसल रोडवर आमच्या खिडकीखाली
मासळीवाला शटर ओढून घेतो,
मी चहाचा कप लॅपटॉपच्या उजव्या अंगाला ठेवते
आणि तीस पौंड हवेत सोडते.

तीसच. जयवंतशी ठरलंय तसं.
दहा दिवस, तीनशे पौंड,
त्यापुढे हा विषय घरात काढायचा नाही.

माल माझा नाही, दुकानही माझं नाही.
लीड्समधली एक कंपनी कानाची मोफत तपासणी करते,
कुणी फॉर्म भरला की मला चौदा पौंड.
मी मधल्यामध्ये सोयरीक जुळवणारी,
जिला ना नवरा ठाऊक ना नवरी.

बॅनर चार केले.
पहिल्यावर हसरे आजोबा, भाड्याने घेतलेले.
दुसऱ्यावर नुसता कान.
तिसऱ्यावर निळं बटण : आत्ताच!
चौथा रात्री दीडला, कंटाळून,
पांढऱ्यावर काळी एकच ओळ.
लिहिली इंग्रजीत, पण बोटांना ती ऐकू आली
दादांच्या आवाजात :
‘काय म्हणालीस?’

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात.
किती शितं, ते कुणी सांगितलं नाही.
आई एकच शीत दोन बोटांत दाबायची
आणि गॅस बंद करायची.
मी नऊशे शितं दाबून बसलेय,
भात कच्चा आहे
की पातेलंच रिकामं, कळत नाही.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या नेटवर्कवर नुसता पूर.
एका सेकंदात अकरा क्लिक, एकाच फोनवरून.
माणसाला अकरा अंगठे नसतात.
मी सूप घेऊन बसले,
खडे वेचावेत तसे वेचले आकडे,
४०७१८ बाहेर, ४०७२२ बाहेर,
आणि खड्यांचेही पैसे लागले होते.

शनिवारी रेणू सोफ्यावर पालथी,
माझा जुना फोन, फुगे फोडायचा खेळ.
लाल फुटला, पिवळा फुटला,
मग मध्येच आलं काहीतरी पांढरं, तिने तेही टोचलं.
‘आई, हा फुटतच नाहीये.’
मी वाकून पाहिलं : काय म्हणालीस?
रकान्यात ओळ उमटली होती,
चार बावन्न, हल, अँड्रॉइड, नऊ पेन्स.

नऊ पेन्सला पडली मला माझीच मुलगी,
वय वर्षं सहा, कान इतके तिखट
की बिस्किटाचा डबा वरच्या मजल्यावरून ऐकते.

फुग्यांचे सगळे खेळ बंद केले.
डॉनकास्टरला, रॉचडेलला
कुणाकुणाची रेणू अजून टोचत असेल,
पैसे दुसऱ्या कुणाचे जात असतील.

आठव्या दिवशी पहाटे तीन बाराला
शून्याचा एक झाला.

चौथा बॅनर. तिसरं नेटवर्क.
गाव विदर्नसी, समुद्र जिथे दरवर्षी थोडी जमीन खातो.
फॉर्म भरायला एकोणीस मिनिटं.
चष्मा शोधला असेल. पिनकोड आठवला असेल.
की नाव लिहून पुसलं, पुन्हा लिहिलं?
रकाना एवढंच सांगतो : एकोणीस.

दोनशे दहाच्या वर गेलेत, चौदा आले.
हसरे आजोबा बंद केले. कान बंद केला.
एकावरून काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे,
तरी तो एक मी हातचा धरून बसले,
बेरजेत कुठे मिळवायचा ते न सुचून.

खाली रस्त्यावर सायीच्या रंगाचा टेलिफोनचा खोका,
आत दिवा, आत कुणी नाही.

तिकडे पावणेनऊ झाले असतील.
दादा पेपर उघडून बसले असतील,
फोन शेजारच्या तिवईवर.
मी लावला.
बारा वेळा वाजला.
यातूनही काही सिद्ध होत नाही.